कीवर्डचा भरणा नको, मजकूर हवा

गेल्या अंकातील लेखाने छोट्या दुकानदारांना वेबसाइटच्या कोडमध्ये कीवर्ड ठासून भरण्याचा आणि विकतच्या लिंका जोडण्याचा सल्ला दिला आहे. त्यातला पहिला भाग कालबाह्य आहे आणि दुसरा चक्क धोक्याचा.

कोडमधला कीवर्डचा मेटा टॅग शोधनिकालांच्या क्रमवारीसाठी विचारातच घेतला जात नाही, हे गूगलने सप्टेंबर 2009 मध्येच जाहीर केले. विकतच्या लिंकांचा फटका जेसी पेनी या अमेरिकी दुकानसाखळीला 2011 मध्ये बसला. भलत्याच संकेतस्थळांवर तिच्यासाठी पेरलेल्या लिंका ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघडकीस आणल्या आणि गूगलच्या कारवाईनंतर ती वरच्या जागांवरून पार खाली घसरली. असा फटका कोपऱ्यावरच्या दुकानाला झेपणारा नाही.

स्थानिक शोधात गूगल मुख्यतः तीन गोष्टी पाहते: शोधाशी जुळणारी माहिती, अंतर आणि नावलौकिक. त्यासाठीचे बिझनेस प्रोफाइल फुकट मिळते. जुळणारी माहिती स्वतःच्या वेबसाइटवरही मजकूर म्हणून असायला हवी; तरीही कित्येक केटरर अख्ख्या मेनूकार्डाचा फोटो काढून पानावर चिकटवतात. मग ‘पुरणपोळी ऑर्डर डोंबिवली पूर्व’ असे शोधणाऱ्याला हवे असलेले शब्द पानाच्या मजकुरात सापडणार कुठून? तोच मेनू टाइप करावा, खाली पत्ता, वेळ आणि फोन नंबर लिहावा. खर्च शून्य, मेहनत एका दुपारची.

पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. अशी हमी देऊन आगाऊ रक्कम मागणाऱ्याला दुकानदारांनी कृपया दारातूनच परत पाठवावे.

— एक वाचक