बादशहाच्या मुठीवरचा बाज आणि चौकटीबाहेरचा माणूस

मुघल चित्रांत एक दृश्य वारंवार भेटते. बादशहा किंवा शहजादा उभा आहे, हातात जाड कातडी हातमोजा आहे आणि त्या मुठीवर बाज किंवा ससाणा बसला आहे. अशा चित्राखालच्या टिपा त्याचा अर्थ बहुधा ठरलेल्या शब्दांत सांगतात: राजसत्तेने निसर्गावर मिळवलेला विजय. अर्थ आकर्षक आहे. परंतु शिकारी पक्षी शिकवण्याची प्रत्यक्ष रीत ठाऊक असणाऱ्यास तो पटणे कठीण. तो पक्षी जिंकलेला नसतो. आणि त्याला तिथे बसायला शिकवणारा हात बहुतेक वेळा चित्रातला हात नसतो.

कुत्रा, घोडा, बैल यांना माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास करीत माणसाळवले. बाज-ससाण्यांच्या बाबतीत तसे घडले नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बंदिवासात त्यांची पैदास जवळजवळ होतच नसे. प्रत्येक पक्षी रानातून धरून आणावा लागे आणि प्रत्येकाबरोबर पहिल्या धड्यापासून आरंभ करावा लागे. शिवाय कुत्रा मूळचा कळपात जगणारा. धन्याची नाराजी त्याला कळते. बाज एकटा जगतो. वरिष्ठ-कनिष्ठ हे नातेच त्याच्या जगात नाही. मारलेली चापट त्याला शिक्षा म्हणून समजत नाही, केवळ धोका म्हणून समजते. आणि एकदा आकाशात सोडल्यावर त्याला परत ओढून आणील अशी कोणतीही साखळी नसते.

मग तो परत का येतो? इथे बाजदाराचे काम सुरू होते.

नव्याने धरलेला पक्षी भयाने अर्धमेला झालेला असतो. त्याच्या पायांत कातडी पट्टे अडकवतात, डोळ्यांवर टोपी चढवतात. जुन्या रीतीत खालच्या पापण्यांत दोरा ओवून डोळे मिटवीत आणि पुढे काही दिवसांत तो दोरा थोडा थोडा सैल करीत. माणूस त्याला मुठीवर घेऊन तासन्‌तास बसतो किंवा सावकाश चालतो. पक्षी पुन्हापुन्हा मुठीवरून स्वतःला झोकून देतो आणि पट्ट्यांना उलटा लोंबकळत पंख आपटतो. बाजदार त्याला हळूच उचलून पुन्हा मुठीवर ठेवतो. दहा वेळा, शंभर वेळा. आवाज चढवायचा नाही, रोखून पाहायचे नाही, कारण रोखलेली नजर ही शिकाऱ्याची नजर असते. रात्री मंद दिव्याच्या उजेडात जागरण चालते. कधीतरी तो पक्षी माणसाच्या देखत मान खाली घालून मुठीवरचे मांस खातो. साऱ्या शिक्षणातला निर्णायक क्षण हाच: शत्रूसमोर मान खाली घालण्याइतका विश्वास त्याला वाटू लागलेला असतो.

पुढचे टप्पे त्या मानाने सोपे. मांसासाठी मुठीवर उडी, मग लांब दोरी बांधून वीस-तीस पावलांवरून उड्डाण, मग दोरीविना. त्याच काळात त्याला गर्दीत हिंडवतात, कुत्री, घोडे, पोरांचा गलका यांची सवय लावतात. हे सामाजिकीकरण अपुरे राहिले, तर उत्तम उडणारा पक्षीही ऐन शिकारीत बुजून निघून जातो.

या साऱ्यात भूक हे बाजदाराचे मुख्य साधन असते. ते नाजूक आहे. पोट भरलेला पक्षी झाडावर बसून राहतो. फार उपाशी ठेवलेला दुर्बल होतो, आजारी पडतो, मरतो. म्हणूनच 'आइन-इ-अकबरी'त अबुल फझल पक्ष्यांच्या आहाराची मोजमापे देतो: दरबारी बाजाला ७ दामांच्या वजनाइतके मांस. दाम हे तांब्याचे नाणे, वजन सुमारे २१ ग्रॅम. नाण्यांनी तोललेला हा शिधा म्हणजे शाही डामडौल वाटेल, पण ते खरे तर कामाचे हत्यार आहे.

ज्ञानाची ही परंपरा जुनी आहे आणि दख्खनलाही परकी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये श्येनविनोदाला जागा आहे. सोळाव्या शतकात कुमाऊँचा राजा रुद्रदेव याने या विषयावर 'श्यैनिकशास्त्र' हा स्वतंत्र संस्कृत ग्रंथ रचला. त्यात फारसी 'बाज' हा शब्द 'वाज' असे संस्कृत रूप घेऊन येतो. हा तपशील बोलका आहे. तो शब्द पंडितांच्या पोथीतून आला असण्यापेक्षा पक्षी हाताळणाऱ्यांच्या तोंडून आला असण्याचा संभव अधिक. तिकडे सिसिलीत तेराव्या शतकात सम्राट दुसरा फ्रेडरिक याने याच विषयावर लॅटिन ग्रंथ लिहिला. प्रत्यक्ष निरीक्षणाशी न जुळणाऱ्या ठिकाणी ॲरिस्टॉटललाही नाकारणारा हा सम्राट श्येनपालकाच्या अंगी कोणते गुण हवेत तेही सांगतो: तो मद्यपी नसावा, रागीट नसावा, गाढ झोपणारा नसावा. ही यादी वाचताना वाटते, की ती राजाचे वर्णन करीत नाही. ती नोकराकडून काय अपेक्षित आहे ते सांगते.

त्या नोकराची नोंद इतिहासात कशी होते, याचे उदाहरण जहांगीरच्या आत्मचरित्रात आहे. इराणच्या शाह अब्बासने त्याला एक ससाणा भेट पाठवला. वाटेत मांजराने त्या पक्ष्याला जखमी केले. दरबारी पोहोचल्यावर तो आठवडाभरही धड जगला नाही. बादशहा त्याच्या सौंदर्यावर इतका लुब्ध झाला, की त्याने उस्ताद मन्सूरला त्याचे चित्र काढण्याची आज्ञा दिली. पक्षी चित्रामुळे उरला, चित्रकार नावाने उरला. आणि पक्षी घेऊन येणारा मीर शिकार? त्याचा उल्लेख येतो तो निष्काळजीपणाच्या ठपक्यासह. हजारो रात्री जागवलेल्या माणसांबद्दल दप्तरे मौन पाळतात, आणि एक मांजर आत शिरले की नाव लिहिले जाते.

या माणसांना संत ठरवण्याचे कारण नाही. पापण्या शिवणे हे क्रौर्यच होते, आणि धरलेल्या पक्ष्यांपैकी कित्येक शिकण्याआधीच मेले असणार. 'पक्षी आणि माणूस यांची मैत्री' ही समाजमाध्यमांवरची गोड कल्पनाही म्हणूनच तितकीशी खरी नाही. तो एक व्यवहार होता, रोज नव्याने करावा लागणारा, आणि कोणत्याही दिवशी मोडण्याची मुभा पक्ष्याला असणारा. गुलामीपेक्षा तो वेगळा ठरतो तो एवढ्याच अर्थाने. तरीही 'निसर्गावर विजय' म्हणून त्याची वासलात लावणे म्हणजे राजाची स्वतःबद्दलची जाहिरात जशीच्या तशी स्वीकारणे होय. श्येनपालनाचा इतिहास राजांच्या छंदांच्या प्रकरणातून काढून श्रमाच्या आणि कारागिरीच्या इतिहासात ठेवला पाहिजे. विणकर आणि लोहार जिथे आहेत, तिथे.

२०१० साली युनेस्कोने श्येनपालनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. २०२१ पर्यंत पाकिस्तानसह २४ देश त्या नोंदीत सामील झाले; भारत त्यात नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानातला बाज धरणे हा इथे गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा. पण कायद्याने पक्षी वाचले म्हणून ते कौशल्य बाळगणारी माणसे विस्मरणात जाण्याचे कारण नव्हते. बिहारमध्ये पक्षी धरणारा मीरशिकार नावाचाच एक समाज आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने स्थलांतराच्या अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम हाती घेतले, तेव्हा जिवंत आणि अक्षत पक्षी धरून देण्यासाठी तिने याच समाजातील माणसांची मदत घेतली होती.