गोठलेल्या तळ्यावर, नातवाच्या संगतीने

गेल्या पंधरवड्यात एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आले. मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेला. जानेवारीत हे सपत्नीक त्याच्याकडे जाणार आहेत. नातवाने आतापासूनच हट्ट धरला आहे, की आजोबांनी त्याच्यासोबत गोठलेल्या तळ्यावर गळ टाकायला यायचे. आजोबांचे वय ६८, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. ‘नाही म्हणावे तर नातू हिरमुसतो, हो म्हणावे तर सौभाग्यवतींचा डोळा लागत नाही. काय करावे?’ वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज हिमप्रदेशात आहेत. म्हणून हे उत्तर सर्वांसाठीच.

प्रथम तळ्याविषयी. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड होते व तळाशी जाते. त्याहून थंड पाणी वर राहते आणि तेच गोठते. त्यामुळे बर्फाच्या छताखाली मासे हिवाळाभर जिवंत असतात. गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचे, त्यातून गळ सोडायचा आणि शेजारी बसून वाट पाहायची, असा हा खेळ.

त्यात पहिला प्रश्न बर्फाच्या जाडीचा. पायी चालण्यासाठी नवा, पारदर्शक बर्फ किमान ४ इंच, म्हणजे सुमारे १० सेंटिमीटर हवा, असे मिनेसोटाचे नैसर्गिक संसाधन खाते सांगते. पांढरा, हिममिश्रित बर्फ याच्या निम्म्यानेच बळकट असतो. ओढ्याचे मुख, झरे आणि प्रवाह यांच्याजवळ बर्फ पातळ राहतो; वर साचलेला हिम पांघरुणासारखा काम करून बर्फाची वाढ मंदावतो. म्हणून एकदा मोजून भागत नाही, पुढे जाताना पुन्हापुन्हा मोजावे लागते. कोणताही बर्फ पूर्णतः निर्धोक नसतो, हे ध्यानी असू द्यावे. अंगात तरंगजाकीट असावे, गळ्यात बर्फात रोवायचे टोचे असावेत आणि एकट्याने कधीही जाऊ नये.

दुर्दैवाने कोणी पाण्यात पडलेच, तर तिकडे एक सूत्र शिकवतात : एक, दहा, एक. पहिल्या एका मिनिटात धाप आवरावी; पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय कामाचे असतात, तेवढ्यात बाहेर पडण्याचा यत्न करावा; शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो. म्हणजे घाबरण्यापुरता नव्हे, पण विचार करण्यापुरता वेळ असतो. ज्या दिशेने आलो त्याच बाजूच्या बर्फावर कोपर टेकावेत, पाय मारत पोटावर सरकावे आणि उभे न राहता लोळत दूर जावे.

आता देहाविषयी. थंडीत त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरील भार वाढतो. त्यातच गिरमिट फिरवणे वा सामानाची घसरगाडी ओढणे म्हणजे दुहेरी ताण. ही कामे तरुणांनी करावीत. प्रवासाच्या धांदलीत गोळ्या चुकवू नयेत. ज्यांना छातीत दुखण्याचा त्रास आहे वा ज्यांना अलीकडेच हृदयविकाराचा झटका आला आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून जाऊच नये. दमा असल्यास नाकातोंडावर लोकरी मफलर हवा.

आपली सुती बनियनची सवय येथे सोडावी. घामाने भिजलेला सुती कपडा ऊब धरत नाही. आत पातळ लोकर, मध्ये जाड लोकर, बाहेर वाराविरोधी कोट आणि डोक्यावर आपली माकडटोपी! बूट घट्ट नसावेत. बोट बधिर व पांढुरके झाले, तर ते चोळू नये. आडोशाला नेऊन कोमट पाण्यात धरावे.

तळ्यावरच्या झोपडीत शेगडी असेल, तर झरोका उघडा ठेवावा आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र जवळ बाळगावे. या वायूला रंग नसतो, वास नसतो. डोके दुखू लागले, भोवळ आली वा मळमळले, तर सर्वांनी तत्क्षणी बाहेर पडावे. ‘ऊब येण्यासाठी’ मद्य घेऊ नये. त्वचेला ऊब वाटते, पण देह अधिकच गार पडतो.

एवढी दक्षता घेणे झेपणार नसेल, तरी नातवाला नाराज करण्याचे कारण नाही. त्याच राज्यात वबाशा गावी मिसिसिपी नदीचे पाणी प्रवाहामुळे हिवाळ्यातही मोकळे राहते आणि मासे टिपण्यासाठी गरुड तेथे जमतात. नदीकाठच्या गरुड केंद्रात उबेत बसून ते पाहता येतात. अंगणातल्या झाडावरही चिकडी नावाचा मूठभर पक्षी दिसेल. रात्री तो आपल्या देहाचे तापमान कित्येक अंशांनी उतरवतो आणि शक्ती वाचवतो. म्हणूनच थंडीत कोणताही पक्षी हुसकावू नये. त्या एका उड्डाणात त्याची मोलाची शिदोरी खर्ची पडते.

तेव्हा आजोबा, आपण अवश्य जावे. आधी डॉक्टरांची अनुमती घ्यावी, बर्फ मुलाला मोजू द्यावा, गिरमिट नातवाच्या हाती द्यावे आणि तासाभरात परतावे. सौभाग्यवतींना हे सारे आधी वाचून दाखवावे. त्यांचा डोळा लागेल. मासा गळाला लागेलच असे नाही. परंतु नातू आपल्याला काहीतरी शिकवील, आणि आजोबा झाल्यावर असे योग थोडेच येतात.