आखाती देशांत नोकरीस जाणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीबाबत निवेदन

प्रति,
माननीय परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
द्वारा : उत्प्रवासी संरक्षक, मुंबई

महोदय,

सविनय निवेदन असे की, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील खेड, दापोली व मंडणगड तालुक्यांचे रहिवासी असून, भातशेतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर संसार निभत नसल्यामुळे आमच्या घरांतील कर्ती माणसे सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन व संयुक्त अरब अमिराती या देशांत रोजगारासाठी जात आली आहेत. व्हिसापूर्वी नेमून दिलेल्या केंद्रावर छातीचा एक्स-रे, तसेच एचआयव्ही, ब व क प्रकारची कावीळ इत्यादींसाठी रक्ततपासणी होते. आपल्या भूमीत कोणास येऊ द्यावे हे ठरविण्याचा त्या देशांचा अधिकार आम्हांस मान्य आहे. परंतु ही तपासणी भारतीय नागरिकाची, भारताच्या भूमीवर होत असल्याने तिच्यावर येथील कायद्याचा अंमल असलाच पाहिजे.

आमच्यातील एका गवंड्याची हकीकत येथे नमूद करणे आवश्यक वाटते. तरुणपणी जडलेल्या क्षयावर त्याने सरकारी दवाखान्यातील सहा महिन्यांचा औषधोपचार एकही दिवस न चुकविता पुरा केला होता, आणि त्याचे उपचारपत्र पासपोर्टासोबत प्लास्टिकच्या पिशवीत जपून तो तपासणीसाठी मुंबईस गेला. यंत्रापुढे हनुवटी टेकवून, श्वास रोखून तो उभा राहिला. पुढे हाती आला तो ‘अनफिट’ एवढा एकच शब्द. उपचारपत्र कोणी उघडून पाहिले नाही, एक्स-रेची प्रत मागूनही मिळाली नाही. तोपर्यंत एजंटाचे पैसे भरून झाले होते आणि पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. कारण त्याला कोणी सांगितले नाही, म्हणून गावाने आपल्या मनाने ते ठरविले. शेजारी त्याच्या घरी चहा घेईनासे झाले. फुप्फुसावर राहिलेला बऱ्या झालेल्या दुखण्याचा वण हेच ते कारण, हे जिल्हा रुग्णालयात कळेपर्यंत पाच महिने लोटले.

सबब आमच्या मागण्या अशा :

१. अपात्र ठरलेल्या उमेदवारास त्याचे कारण मराठीत लेखी द्यावे. अहवाल, एक्स-रेची प्रत व शुल्काची पावती मागितल्याशिवाय मिळावी.

२. एचआयव्ही व एड्स अधिनियम, २०१७ अन्वये तपासणीपूर्वी माहितीपूर्ण संमती घ्यावी, समुपदेशन करावे, आणि उमेदवाराच्या संमतीवाचून निष्कर्ष एजंटास कळवू नये.

३. छातीत जुना वण आढळल्यास थुंकीची तपासणी व सरकारी तज्ज्ञाचे मत घेऊन फेरविचाराची तजवीज असावी. पूर्ण उपचाराचा दाखला असलेल्यास कायमचे अपात्र ठरवू नये, यासाठी संबंधित देशांशी शासनाने बोलणी करावी.

४. उत्प्रवासन अधिनियम, १९८३ खालील नोंदणीकृत एजंटांनी तपासणीचा निकाल लागण्यापूर्वी सेवाशुल्क घेऊ नये, असा हुकूम व्हावा. तसेच कर्ज काढण्याआधीच प्रकृतीचा अंदाज यावा म्हणून उपजिल्हा रुग्णालयांत विनामूल्य पूर्वतपासणी सुरू करावी.

५. ज्याच्यात खरोखरच रोग आढळेल त्यास रिकाम्या हाती परत न पाठविता सरकारी उपचारकेंद्राशी जोडून द्यावे.

क्षयाची औषधे शासन विनामूल्य देते, ती पुरी घेण्याचा आग्रह धरते आणि रुग्ण बरा झाल्याचा दाखलाही तेच देते. तेव्हा त्या दाखल्याची बूज राखण्याची जबाबदारीही शासनाचीच आहे. ती शासनाने पार पाडावी, ही नम्र विनंती.

स्थळ : मंडणगड

आपले विश्वासू,
खाली सह्या करणारे रहिवासी