हौद उपसू नका, पाणी तपासा

वीस फूट लांब, दहा फूट रुंद, सरासरी चार फूट खोल. फार्महाऊसच्या अंगणातला बेताचा स्विमिंग पूल एवढाच असतो आणि त्यात साडेबावीस हजार लिटर पाणी मावतं. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज 55 लिटर धरले, तर पाच माणसांच्या घराला हे पाणी अडीच महिने पुरून उरेल. मोठ्या टँकरच्या भाषेत सांगायचं तर दोन खेपा.

जालना जिल्ह्यातल्या बदनापुरात हा हिशेब कुणाला समजावून द्यावा लागत नाही. तालुक्यातून दुधना वाहते, सोमठाण्याला अप्पर दुधनाचं धरण आहे, तरी भरवसा पावसाचाच. तो वर्षाकाठी सरासरी 700 मिलिमीटरच्या आतबाहेर. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. कुणी टँकरने झाडं जगवली, कुणी कुऱ्हाड लावली. तीन वर्षांनी, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. मैदानावर पाणी मारावं की नाही हा प्रश्न जिथे न्यायालयात जातो, तिथे खासगी पूल हा फक्त मालकाच्या हौसेचा विषय उरत नाही.

म्हणून पूल बांधूच नयेत का? असा फतवा काढणं सोपं आहे, पण तो कुणी पाळणार नाही. संभाजीनगर आणि जालना या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात फार्महाऊस उभी राहत आहेत, ती भाड्याने जातात आणि गिऱ्हाईक पहिला प्रश्न पूल आहे का हाच विचारतं. आधीच्या पिढ्या पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकल्या. आता विहिरींना मार्चनंतर तळ दिसतो. शेततळ्यात पोहायला उतरणं जिवावर बेततं, कारण त्याचा प्लास्टिकचा निसरडा काठ चढून वर येता येत नाही. तेव्हा पूल राहणार. विचारायचं ते एवढंच की एकदा भरलेलं पाणी किती काळ चालवता येतं.

पुष्कळ ठिकाणी ते चालवलं जात नाही, फेकलं जातं. पाणी हिरवं झालं की पंप लावून हौद उपसायचा, घासायचा, पुन्हा टँकर बोलवायचा. दरम्यान दुकानातून डब्यांची रांग येते: एक शेवाळ मारायला, एक पाणी चमकवायला, एक ‘शॉक’ द्यायला, एक पीएच वाढवायला, एक उतरवायला, आणि या सगळ्यांच्या वर क्लोरिनच्या गोळ्यांची बादली. तरीही पुढच्या महिन्यात पाणी हिरवं. यातले बहुतेक डबे अनावश्यक आहेत, आणि हौद उपसायची पाळी ज्याच्यामुळे येते तो डबा नेमका सगळ्यांत सोयीचा म्हणून विकला जातो.

तो म्हणजे गोळ्यांचा. तरंगत्या डबीत ठेवायच्या, आठवडाभर बघायला नको. या गोळ्यांमध्ये ट्रायक्लोर असतं. ते विरघळलं की क्लोरिन सुटतं आणि मागे सायन्युरिक ॲसिड राहतं. हे ॲसिड वाईट नाही. भर दुपारच्या उन्हात उघड्या पाण्यातलं क्लोरिन दोन तासांत बहुतेक उडून जातं; सायन्युरिक ॲसिड त्याला धरून ठेवतं. लिटरमागे 30 ते 50 मिलिग्रॅम असलं की काम भागतं. अडचण अशी की क्लोरिन रोज खर्च होतं आणि सायन्युरिक ॲसिड जवळपास तसंच राहतं. उन्हाने ते उडत नाही, रेतीच्या फिल्टरमध्ये अडकत नाही. पाण्याची वाफ झाली, वरून नवीन पाणी घातलं, तरी ते आपलं जागच्या जागी.

वर सांगितलेल्या हौदाचाच हिशेब मांडू. उन्हाळ्यात रोज लिटरमागे अडीच मिलिग्रॅम क्लोरिन लागतं असं धरलं, तर महिन्याला 200 ग्रॅमच्या नऊ-दहा गोळ्या होतात. तेवढ्यानेच सायन्युरिक ॲसिड 40 हून अधिकने वाढतं. मार्चमध्ये गोळ्या सुरू केल्या तर मे संपेपर्यंत ते सव्वाशेच्या पुढे गेलेलं असतं. त्याने क्लोरिनला इतकं जखडलेलं असतं की मार्चमध्ये लिटरमागे तीन-चार मिलिग्रॅम क्लोरिनने जे भागत होतं, त्याला आता दहा लागतात. मालक गोळ्या वाढवतो, म्हणजे तेच ॲसिड आणखी वाढवतो. पाणी हिरवं पडतं, मग शेवाळ मारायचा डबा येतो. अखेर कुणी जाणकार भेटतो आणि सांगतो, निम्मं पाणी काढून टाका. ऐन मे महिन्यात, बदनापुरात!

खरं तर या तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत क्लोरिनची गोष्ट समजणारा माणूस आधीपासून आहे. तो जलसुरक्षक. गावच्या टाकीत टीसीएल पावडर किती टाकायची, ती आधी बादलीत कालवून वरची निवळी कशी घ्यायची, नळाच्या शेवटच्या टोकाला ओटी टेस्ट घेऊन पाणी पिवळं होतं का हे कसं बघायचं, हे त्याला ठाऊक असतं. चांगल्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतं आणि जुन्या, ओल खाल्लेल्या पोत्यात ते किती उरतं याचा नेम नाही, हेही तो सांगेल. 1908 साली अमेरिकेत जर्सी सिटीच्या नळाच्या पाण्याचं नियमित निर्जंतुकीकरण सुरू झालं, ते याच जातीच्या ब्लीचिंग पावडरने. पूल विकणारे जे सांगत नाहीत ते ग्रामपंचायतीच्या कोठारात पडलेलं आहे.

पुलासाठी मात्र टीसीएल ही दुसरी पसंती ठरावी. ती चुना मागे ठेवते, आणि आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी मुळातच जड. फरशीवर पांढरे थर बसायला वेळ लागत नाही. त्याहून बरं लिक्विड क्लोरिन, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट. 2020 मध्ये कोरोनाच्या भीतीने गावोगावी रस्त्यांवर फवारलं ते हेच. ते खर्च झालं की मागे थोडं मीठ उरतं, सायन्युरिक ॲसिड नाही, चुना नाही. दहा टक्क्यांचं असेल तर आपल्या हौदाला रोज अर्धा ते पाऊण लिटर पुरतं. ते सूर्य मावळल्यावर घालायचं, म्हणजे रात्रभर त्याला काम करता येतं. त्याचा दुर्गुण असा की उष्णतेने त्याचा जोर ओसरतो; मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन लवकरच पाण्यासारखा होतो. लागेल तेवढंच आणावं, सावलीत ठेवावं.

बाकीच्या डब्यांमध्ये काय असतं? पीएच वाढवणारी पावडर म्हणजे बहुधा सोडा ॲश, अर्थात धुण्याचा सोडा. अल्कलिनिटी वाढवणारी म्हणजे खाण्याचा सोडा. दोन्ही किराणा दुकानात सुटे मिळतात. पीएच उतरवायला हार्डवेअरच्या दुकानातलं हायड्रोक्लोरिक ॲसिड चालतं, आणि बोअरच्या पाण्याला जास्त करून तेच लागतं. ‘शॉक’ची पाकिटं म्हणजे पुष्कळदा वेगळ्या वेष्टनातलं क्लोरिनच. शेवाळ मारायच्या पुष्कळ द्रावणांमध्ये तांबं असतं, म्हणजे मोरचूदाचा भाऊबंद. त्याने भिंतीवर डाग पडतात आणि तेही पाण्यात साठत जातं. क्लोरिन नीट राखलं तर त्याची गरजच पडत नाही. कॅल्शियम वाढवायची पावडर जालना जिल्ह्यात विकत घेणं म्हणजे मोसंबीच्या बागायतदाराने बाजारातून मोसंबी आणणं.

हाताळताना मात्र लाड नकोत. क्लोरिन आणि ॲसिड एकाच बादलीत कधीही नको, एकापाठोपाठ एकाच जागी ओतणंही नको. त्यातून विषारी वायू निघतो. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. गोळ्यांची पूड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर भडका उडू शकतो. मुलं आसपास असताना यातलं काहीही उघडू नये.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींशीही भांडायला हवं. ‘केमिकल नको, सगळं नैसर्गिक’ म्हणत तुरटी फिरवणारे, कडुलिंबाचा पाला टाकणारे कमी नाहीत. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. केरळमध्ये 2024 आणि 2025 साली मेंदूत शिरणाऱ्या अमीबाने जीव घेतले. तळी, विहिरी आणि नीट न राखलेले पूल संशयाच्या घेऱ्यात आले आणि तिथल्या सरकारला विहिरींच्या क्लोरिनीकरणाची मोहीम काढावी लागली. उन्हाने कोमट झालेल्या, साचलेल्या पाण्यात हा धोका असतो, आणि आपल्याकडचं मेमधलं पाणी कोमटच असतं. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राची शिफारस आहे की पुलात लिटरमागे किमान एक मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन असावं, सायन्युरिक ॲसिड वापरत असाल तर किमान दोन, आणि पीएच 7.0 ते 7.8 च्या दरम्यान. क्लोरिन ही अनावश्यक वस्तू नाही.

मोजमाप न करता, बिनगरजेचं काहीतरी ओतणं मोठमोठ्यांनाही भोवतं. रिओच्या 2016 च्या ऑलिंपिकमध्ये डायव्हिंगचा तलाव जगासमोर हिरवागार झाला. कंत्राटदाराच्या माणसांनी तिथल्या पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं होतं, दोन तलावांत मिळून सुमारे 160 लिटर. तेही जंतुनाशकच, पण क्लोरिनला निष्प्रभ करणारं. शेवाळाला रान मोकळं मिळालं. दुसऱ्या तलावाचं पाणी तर घाईने उपसून बदलावं लागलं. तिथे सरावाच्या तलावातलं लाखो लिटर पाणी हाताशी होतं. बदनापूरच्या फार्महाऊसवाल्याला टँकरवाल्याचा फोन नंबर तेवढा हाताशी असतो.

तेव्हा पहिली खरेदी चाचणी किटची हवी. नुसती ओटीची बाटली पुरत नाही, कारण ती मोकळं क्लोरिन आणि घाम-लघवीशी बांधलं गेलेलं क्लोरिन यांत फरक करत नाही. नाकात जाणारा तो ‘क्लोरिनचा वास’ या बांधलेल्या क्लोरिनचा असतो; वास जितका उग्र, तितकी पाण्यात घाण जास्त आणि कामाचं क्लोरिन कमी. डीपीडीचं किट दोन्ही वेगळे दाखवतं. सायन्युरिक ॲसिडची चाचणी तर पोरखेळ आहे: नळीत गढूळ होणारं पाणी ओतत जायचं आणि तळाचा काळा ठिपका दिसेनासा झाला की रेघेवरचा आकडा वाचायचा.

पाणी निरोगी आहे का हे ओळखायची एक युक्ती तर फुकटची आहे. अंधार पडल्यावर क्लोरिन मोजायचं, उजाडायच्या आत पुन्हा मोजायचं. रात्री ऊन नसतं, त्यामुळे एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त घट झाली तर ते क्लोरिन कुणीतरी खाल्लं आहे. शेवाळ डोळ्यांना दिसण्याआधीच पकडलं जातं. आणि दिसलंच, तरी उपसायचं कारण नाही. सायन्युरिक ॲसिड 30 असेल तर क्लोरिन 12 पर्यंत चढवायचं, दिवसातून दोन-तीनदा मोजून तिथेच टिकवायचं, भिंती ब्रशने घासायच्या, फिल्टर अखंड चालवायचा. हिरवं पाणी आधी राखाडी होतं, मग निवळतं. तोवर पोहायला बंदी. काही दिवस लागतात, टँकर लागत नाही.

पाण्याची मोठी चोरी आणखी एक आहे आणि तिला कुठलाच डबा रोखत नाही. मराठवाड्यात मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी रोज साधारण एक सेंटिमीटर उतरते. आपल्या छोट्या हौदातून म्हणजे दिवसाला 180 लिटरहून अधिक, तीन माणसांच्या वाट्याचं पाणी. रात्री आणि गिऱ्हाईक नसताना ताडपत्री अंथरली तरी यातलं बरंच वाचतं, शिवाय पाला पडत नाही आणि क्लोरिनही टिकतं. पूल बांधताना लाखो रुपये घालणारे या आच्छादनाला का बिचकतात हे कोडंच आहे.

पाणी मोजून वापरायची शिस्त अंगी असलेले लोक याच जिल्ह्यात आहेत. जालना तालुक्यातल्या कडवंचीने पाणलोटाच्या कामानंतर शेकडो शेततळी केली आणि त्यांवर द्राक्षं पिकवली. 30 बाय 30 बाय 3 मीटरच्या शेततळ्यात 22 लाख लिटर पाणी मावतं, आणि ते उन्हाळ्यात किती उरेल याचा अंदाज तिथला शेतकरी बांधून असतो. त्याच्यापेक्षा शंभरपट लहान हौद सांभाळणाऱ्याने निदान आकडे तरी वहीत लिहावेत.

पुढच्या हंगामाची गोळ्यांची बादली मागवण्याआधी फार्महाऊसच्या मालकांनी आहे त्या पाण्यातलं सायन्युरिक ॲसिड मोजून घ्यावं. ते 50 च्या वर असेल तर गोळ्या बंद करून लिक्विड क्लोरिन सुरू करावं. शंभराच्या वर गेलं असेल तर पाणी बदलायला पावसाळ्यापर्यंत थांबावं. जुलै-ऑगस्टच्या पावसाने हौद भरून वाहिला की ते आपोआप उतरू लागतं. तोवर क्लोरिन त्या प्रमाणात चढं ठेवावं, आणि तेवढं जमत नसेल तर पावसापर्यंत पूल बंद ठेवावा, टँकर मात्र बोलवू नये.