भाडोत्री म्हणू नका, देवही करू नका

आमच्या माणगाव तालुक्यात पुतळ्याला हार घालणारे पुष्कळ आहेत. पुतळ्यातला माणूस कोण, हे सांगणारे मात्र कमी. तहसील कचेरीपाशी ज्याचा पुतळा आहे तो यशवंत घाडगे. पळसगावचा पोरगा, १९२१ सालचा जन्म. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिशांच्या फौजेत याहून मोठं शौर्यपदक नाही.

या माणसाबद्दल दोन प्रकारची बोलणी मी आयुष्यभर ऐकत आलो आणि दोन्हींचा मला राग आहे.

पहिलं बोलणं शिकलेल्यांचं. "गोऱ्यांसाठी मेला तो. भाडोत्री. त्यात आपलं काय?" हे म्हणणाऱ्याने तेव्हाचं कोकण डोळ्यांपुढे आणावं. एक भाताचं पीक, डोक्यावर खोत. आमच्याच कुलाबा जिल्ह्यात खोतांविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप केला, जमिनी ओस टाकल्या. अशा मुलखातून पोरं दोन वाटांनी बाहेर पडत. एक मुंबईच्या गिरणीकडे, दुसरी पलटणीकडे. दोन्हीकडून घरी मनिऑर्डर यायची. गिरणीत गेलेल्याला आपण कष्टकरी म्हणतो, मग पलटणीत गेलेला भाडोत्री कसा झाला? आमच्या आळीतली एक म्हातारी म्हणायची, "पोटासाठी गेला रं तो. पण पोटासाठी कुणी मशीनगनीवर धावत नाय."

आणि तो धावला. त्याच्या हाताखालच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. एक तो सोडला, तर बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. मागे फिरला असता तर कुणी बोट दाखवलं नसतं. तो एकटा पुढे गेला. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा दोन्ही बंद पाडले, एकाला टॉमी गनने टिपलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला गाठलं. यात मला ना राजा दिसतो, ना पगार. आजूबाजूला पडलेली आपली माणसं दिसतात.

दुसरं बोलणं सभेतलं. "देशासाठी बलिदान!" टाळ्या होतात. पण कोणत्या देशासाठी? सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने एकाही हिंदी माणसाला न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला. त्या निषेधात काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९४२ ला इथली माणसं तुरुंगात गेली आणि त्याच काळात पंचवीस लाखांच्या घरात माणसं सक्तीच्या भरतीशिवाय फौजेत होती. समोर हिटलरची फौज होती, हेही खरं. हा सगळा गुंता भाषणात अडचणीचा होतो, म्हणून गाळतात. गुंता गाळला की माणूस जातो, हाराचा खिळा तेवढा उरतो.

पदकांचंही तसंच. इटलीच्या मोहिमेत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांत सहा हिंदी फौजेचे. त्या सहांतले दोघे मराठा पलटणींचे. दुसरे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी त्यांनी आधी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीमागे आणलं आणि मग पुन्हा एकट्याने जाऊन तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. ते जगले, १९८४ साली पुण्यात वारले. हे किती शाळांत शिकवतात?

इटलीतल्या मोंतोने गावाने २०२३ साली यशवंत घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वचन त्यावर आहे. ज्यांच्या डोंगरात तो पडला त्यांना तो आपला वाटला. आणि आपण त्याला भाडोत्री ठरवायचा की देव, यावर चहा संपवतो.

माझं म्हणणं एवढंच. घाडग्यांचं नाव निदान कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. त्या दिवशी त्यांच्याभोवती पडलेल्या जवानांची नावं आपल्यापैकी कोण सांगेल? युद्धावरून परतून मुकाट्याने नांगर धरणारे तर कुठल्याच दगडावर नाहीत. त्यांची मेडलं ट्रंकेत काळी पडली, काही भंगारात गेली, पेन्शनची पुस्तकं वाळवीने खाल्ली. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी १९३९ ते १९४५ मध्ये पलटणीत गेलेल्यांची यादी करावी. नाव, पलटण, कुठे लढला, परत आला की नाही. त्याला फार खर्च लागत नाही, एक वही लागते. विचारायला घरात अजून एखादी आजी उरली असेल, तर हार उद्या घाला. आज तिच्याकडे जा.