ताऱ्याचे तेज आणि त्याचा पत्ता

विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत नसून उलट मंदावू लागला आहे, अशा बातम्या नोव्हेंबर २०२५ मध्ये जगभर झळकल्या. दक्षिण कोरियातील योन्सेई विद्यापीठाच्या यंग-वूक ली यांच्या गटाचा शोधनिबंध त्यामागे होता. २०११ चे भौतिकशास्त्राचे नोबेल ज्या शोधाला मिळाले तोच कोसळला, असा अर्थ अनेकांनी काढला. मूळ प्रश्न मात्र मथळ्यात मावणारा नव्हता. स्फोट झालेला तारा कोणत्या दीर्घिकेत राहत होता, तिथली वस्ती तरुण होती की म्हातारी, यावर स्फोटाचे तेज अवलंबून असते का, आणि असेल तर किती?

खगोलशास्त्रज्ञ दूरचे अंतर मोजण्यासाठी ‘वन-ए’ प्रकारचे सुपरनोव्हा, म्हणजे अतिनवतारे वापरतात. सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपले की मागे श्वेतबटू उरतो. आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान सूर्याच्या जवळपास. शेजारच्या ताऱ्याकडून तो वायू ओढत राहिला आणि सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाच्या जवळ पोहोचला, की त्यातला कार्बन पेट घेतो आणि तारा फुटतो. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० मध्ये बोटीने इंग्लंडला जाताना ज्या मर्यादेचे गणित करत होते, ती हीच. सारे एकाच वजनाला फुटतात, म्हणून साऱ्यांचे तेज सारखे, ही पुस्तकातली गोष्ट नीटनेटकी आहे. प्रत्यक्षात काही स्फोट दोन श्वेतबटूंच्या टकरीतून होत असावेत, काही मर्यादा गाठण्याआधीच. तेजातही बराच फरक असतो.

तो फरक आवरता आला, म्हणूनच हे तारे उपयोगी ठरले. मार्क फिलिप्स यांनी १९९३ मध्ये दाखवले की जो सुपरनोव्हा सावकाश विझतो तो मुळात अधिक तेजस्वी असतो आणि झटपट विझणारा मंद असतो. त्यात रंगाची दुरुस्ती जोडली की एकेका सुपरनोव्हाचे अंतर साधारण सात टक्क्यांच्या चुकीने सांगता येते. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी याच पद्धतीने पाहिले, तेव्हा दूरचे सुपरनोव्हा अपेक्षेपेक्षा सुमारे पंचवीस टक्के फिके निघाले. ते अधिक दूर गेले होते, म्हणजे प्रसरण वेगावत होते. त्यामागच्या अज्ञात कारणाला डार्क एनर्जी हे नाव मिळाले.

पत्ता किती महत्त्वाचा, हे पाहायला फार दूर जावे लागत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये एम १०१ या दीर्घिकेत एक वन-ए सुपरनोव्हा सापडला. अंतर सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षे. जानेवारी २०१४ मध्ये लंडनच्या विद्यापीठीय वेधशाळेत विद्यार्थ्यांचा तास चालू असताना एम ८२ मध्ये दुसरा दिसला. अंतर जेमतेम १.२ कोटी प्रकाशवर्षे. जवळचा अधिक उजळ दिसायला हवा होता, पण दिसला फिका. एम ८२ धुळीने भरलेली आहे आणि सुपरनोव्हा त्या धुळीच्या पडद्याआडून दिसत होता. त्याचा प्रकाश तांबूस झाल्यामुळे धूळ ओळखता आली. हे ढोबळ उदाहरण झाले. खरी पंचाईत दोन-पाच टक्क्यांच्या फरकांत आहे.

जुन्या, गोलसर, नवे तारे न जन्मणाऱ्या दीर्घिकांत झटपट विझणारे मंद सुपरनोव्हा अधिक होतात, हे नव्वदीच्या दशकापासून माहीत होते. फिलिप्स यांच्या दुरुस्तीने हा फरक मिटायला हवा होता. २०१० मध्ये वेगवेगळ्या गटांना दिसले की तो मिटत नाही, उलटतो. सगळ्या दुरुस्त्या केल्यावर जड दीर्घिकांतले सुपरनोव्हा हलक्या दीर्घिकांतल्यांपेक्षा पाच ते दहा टक्के अधिक तेजस्वी निघतात. सीमारेषा आहे साधारण एक हजार कोटी सूर्यांच्या वस्तुमानाची. आपली आकाशगंगा तिच्या वर येते. म्हणजे दुरुस्तीचे सूत्र सगळीकडे सारखे लागू नव्हते.

वैद्यकात हा घोळ रोजचा आहे. पंचाहत्तरीच्या किडकिडीत आजीचे क्रिएटिनिन १.२ आले आणि पंचविशीतल्या पैलवानाचेही १.२ आले, तर आकडा एकच. पण आजीची मूत्रपिंडे निम्म्याच क्षमतेने चालत असू शकतात. म्हणून सूत्रात वय आणि लिंग घालतात. तसे खगोलशास्त्रज्ञांनी सूत्रात दीर्घिकेचे वस्तुमान घातले आणि गाडी पुढे गेली. पण वस्तुमान हे कारण नव्हे. एखाद्या पिनकोडात क्षयरोग अधिक आढळला म्हणून पिनकोड रोग करत नाही. कोंदट खोल्या, दाटी आणि अपुरे अन्न करते. फुटणाऱ्या श्वेतबटूला आपली दीर्घिका किती जड आहे हे कळायला मार्ग नाही. त्याच्यावर परिणाम होणार तो त्याच्या वयाचा, त्याच्यातल्या जड मूलद्रव्यांचा किंवा वाटेतल्या धुळीचा, आणि या तिन्ही गोष्टी दीर्घिकेच्या वस्तुमानाबरोबर बदलतात.

इथे तज्ज्ञांत दोन तट आहेत. मिकाएल रिगो आणि सहकाऱ्यांनी स्फोटाच्या अगदी आसपास नवे तारे जन्मत आहेत का हे पाहिले आणि तरुण परिसरातले सुपरनोव्हा दुरुस्तीनंतर फिके भरतात असे दाखवले. त्यांचा रोख वयावर आहे. डिलन ब्राउट आणि डॅनियल स्कोल्निक यांनी २०२१ मध्ये धुळीकडे बोट दाखवले. जड आणि हलक्या दीर्घिकांतली धूळ प्रकाश वेगळ्या प्रमाणात गिळते, तेवढ्यानेच फरक उलगडतो, असे त्यांचे म्हणणे. यावर एक सरळ चाचणी आहे. अवरक्त प्रकाशाला धूळ फारशी अडवत नाही, तेव्हा धूळच दोषी असेल तर अवरक्तात फरक नाहीसा व्हावा. काही गटांना तो नाहीसा झालेला दिसला, काहींना तिथेही दिसला. बहुधा दोन्ही कारणे थोडी थोडी खरी निघतील, पण प्रमाण ठरल्याशिवाय उपयोग नाही.

कारण वय आणि धूळ यांचे परिणाम दूरच्या विश्वात वेगळे होतात. दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे. पाच-सात अब्ज वर्षांपूर्वीचे तारे सरासरीने तरुण होते. तरुण ताऱ्यांचे सुपरनोव्हा खरोखर फिके असतील, तर दूरचा सुपरनोव्हा थोडा वयामुळेच फिका दिसेल आणि आपण ते अंतराच्या खात्यात टाकू. ली यांच्या गटाने ३०० यजमान दीर्घिकांची वये काढून नेमका हाच मुद्दा मांडला आहे.

त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही, आणि बातम्यांनी केला तेवढा मोठाही नाही. हा गट डार्क एनर्जी नाकारत नाही; ती झपाट्याने क्षीण होत आहे असे म्हणतो. डार्क एनर्जी केवळ सुपरनोव्हांवर उभी नाही. विश्वाच्या बालपणीचा मायक्रोवेव्ह प्रकाश आणि दीर्घिकांच्या मांडणीत उरलेले जुन्या ध्वनिलहरींचे ठसे या वाटांनीही तिच्यापर्यंत पोहोचता येते. आक्षेपही वजनदार आहेत. दीर्घिकेचे सरासरी वय म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचे वय नव्हे. गावाच्या सरासरी वयावरून एका गावकऱ्याचे वय सांगता येत नाही. शिवाय वस्तुमानाची दुरुस्ती आधीच केलेली असते, आणि वस्तुमान व वय हातात हात घालून चालतात. त्यावर वयाची दुरुस्ती चढवली तर तोच डोस दोनदा दिल्यासारखे होऊ शकते. याच गटाने २०२० मध्येही असा दावा केला होता, तेव्हाही इतरांनी तो मान्य केला नव्हता.

मग एवढा ऊहापोह का? कारण आजचा वाद १९९८ सारखा पंचवीस टक्क्यांचा राहिलेला नाही. ॲरिझोनातील ‘डेसी’ प्रकल्पाने मार्च २०२५ मध्ये १ कोटी ४० लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वेसारांच्या नोंदींवरून डार्क एनर्जी काळाबरोबर बदलत असल्याचे संकेत दिले. त्या संकेताचे बळ कोणता सुपरनोव्हा-संच जोडला यावर २.८ ते ४.२ सिग्मा असे हलते. शोध म्हणायला ५ लागतात. ४.२ देणारा संच ‘डार्क एनर्जी सर्व्हे’चा होता, त्याच गटाने आपली मोजमापे पुन्हा तपासून घेतली तेव्हा आकडा ३.२ वर आला. विश्वाचे भवितव्य ठरवणारा निष्कर्ष काही टक्क्यांच्या फरकावर उभा असताना दीर्घिकेमुळे येणारा पाच टक्क्यांचा फरक नीट न उलगडता सूत्रात भरून ठेवणे परवडणारे नाही.

निकाल लावायचा तर वय जुळवून तुलना करावी लागेल, जशी औषधाच्या चाचणीत करतात. जवळच्या तरुण दीर्घिकांतले सुपरनोव्हा दूरच्या तरुण दीर्घिकांतल्यांशीच ताडायचे. म्हाताऱ्या दीर्घिका बाजूला. कोरियन गटानेही हीच चाचणी सुचवली आहे. आजवर त्यासाठी पुरेसे स्फोट हाती नव्हते. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये आली, आणि तिच्या दहा वर्षांच्या पाहणीत सुपरनोव्हांची रास लागेल. पण रुबिन केवळ छायाचित्रे घेते. यजमान दीर्घिकेचे वय आणि धूळ कळण्यासाठी तिचा वर्णपट लागतो, आणि तो दुसऱ्या दुर्बिणींनी एकेका दीर्घिकेसाठी घ्यावा लागतो. चिलीतच पारानाल येथे ‘फोरमोस्ट’ हे उपकरण ऑक्टोबर २०२५ पासून प्रकाश टिपू लागले आहे. सुपरनोव्हा आणि त्यांच्या यजमान दीर्घिकांचे वर्णपट जमवणे हे त्याच्या ठरलेल्या कामांपैकी एक आहे.