आधी थांबते का पाहा

दसऱ्याला जिला झेंडूची माळ मिळते आणि एरवी जिच्यावर पायपुसणी वाळत असतात, अशी जुनी मोटारसायकल अजूनही पुष्कळ घरांच्या जिन्याखाली उभी आहे. दिवाळीची साफसफाई निघाली, की घरातल्या एखाद्या तरुणाला ती पुन्हा रस्त्यावर काढण्याची हुक्की येते.

आमच्याकडे आहे ती जावा. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून या गाड्या होऊ लागल्या. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. गिअरचा दांडा आत दाबून मागे वळवला, की तोच किकचा होतो, ही तिची गंमत! आमच्या थोरल्या दादांची ही गाडी गेली वीस वर्षे उभीच होती. परवा पुतण्या म्हणाला, "काका, पाडव्याला आईला मागे बसवून देवदर्शनाला नेणार!" वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. मी चाकापाशी बसलो.

स्वारीला वाटत होते, चार किका मारल्या की झाले. पण तीच घाई नडते. आत गंज धरला असेल, तर पहिल्या किकेलाच सिलिंडरला ओरखडे पडतात. प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि मग किक हाताने हळूच दाबावी. टाकीतले जुने पेट्रोल ओतून द्यावे, कार्बुरेटर उघडून धुवावा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. त्या बदलाव्यात.

इंजिन काय, आज ना उद्या फटफटेल. मला धास्ती असते ती थांबण्याची. ब्रेकच्या नालांवरचे अस्तर इतक्या वर्षांत सुटून येते. केबल वरून धड दिसते आणि टोकाशी तिचे तार तुटलेले असतात. टायरची नक्षी कोरी करकरीत असली तरी रबर दगड झालेले असते. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. आमच्या टायरवर तीनच आकडे निघाले, म्हणजे तो २००० सालापूर्वीचा! पुतण्याचा चेहरा उतरला. उतरू दे.

आणखी एक छुपा शत्रू आहे. टू-स्ट्रोक इंजिनातली ऑइल सीले वाळली, की तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ पडते, पिस्टन तापून धावता धावता आवळतो आणि मागचे चाक जागीच थबकते. सीले स्वस्त असतात. ती नवी घालूनच घ्यावीत. पेट्रोलमध्ये लिटरमागे सुमारे ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल विसरू नये. शिवाय डावा हात सदैव क्लचवर हवा.

नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. ती, विमा आणि धुराचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत रस्ता वर्ज्य. पहिल्या फेऱ्या एखाद्या मोकळ्या खाजगी आवारात, मागची सीट रिकामी ठेवून माराव्यात. दोन फेऱ्या झाल्या, की उतरून दोन्ही चाकांच्या मधोमध हात लावून पाहावा. चटका बसला, तर ब्रेक घासतो आहे; गाडी ढकलत घरी आणावी.